पाहुणे येईपर्यंत

व्याख्यानमाला चालवणाऱ्या माणसाला कधी विचारू नये की आजवरचं सगळ्यात चांगलं व्याख्यान कुठलं. त्याला एकही आठवत नसतं! मुरूमच्या आमच्या वाचनालयाची व्याख्यानमाला मी बावीस वर्षं बघतोय. नट आले, गायक आले, पैलवान आले, आजी-माजी पुढारी आले. ते काय बोलले असं विचाराल तर मी छताकडे बघेन. पण कुणाची शाल उलटी पडली, कुणाचा चष्मा हारात अडकला, कोण 'अध्यक्षमहोदय' म्हणताना शिंकलं, हे मात्र सालवार सांगतो. असल्या गोष्टी कुणी जपून ठेवत नाही. कोटाच्या खिशात बसची तिकिटं साचतात तशा त्या आपोआप साचतात.

माझं काम पाहुण्यांचा परिचय लिहायचा आणि वाचायचा. शाळेत मराठी शिकवायचो म्हणून हे गळ्यात पडलं. शाळा सुटली, हे सुटलं नाही. परिचय तीन मिनिटांचा. जन्म, शिक्षण, कार्य, पुरस्कार आणि शेवटी 'असे हे बहुआयामी व्यक्तिमत्त्व'. बावीस वर्षांत एका आयामाचा माणूस आमच्या व्यासपीठावर चढलेलाच नाही!

मंडळात नावं बरीच, कामाची माणसं चारच. अध्यक्ष अप्पा, त्यांचं बी-बियाण्याचं दुकान आहे. माईकवाले गफूरभाई. मी. आणि लिंबाजीमामा, ज्यांचं नाव कार्यक्रमपत्रिकेत कधीच नसायचं.

* * *

एकदा मालिकेत सासऱ्याचं काम करणारे एक नट आले होते. त्यांच्या मॅनेजरनं त्यांचा परिचय स्वतःच लिहून पाठवला होता, चार पानी. तो माझ्या हातात पडला कार्यक्रम सुरू होताना. आधी वाचून बघायला वेळ कुठला? उभा राहिलो आणि सुरू केलं.

"...आणि त्यांचा तो संवाद महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला. येथे टाळ्यांसाठी थांबावे."

वाचून गेलो की हो! मग अप्पांनी टाळ्या सुरू केल्या. कागदावर लिहिलेलं अप्पा मोडत नाहीत. त्यांचं बघून सगळ्यांनी वाजवल्या. पाहुणे अर्धवट उठून हात जोडून बसले, म्हणजे त्यांना हे नवीन नसावं.

मी सावध झालो. पुढच्या पानावर कंसात 'येथे हशा' असं होतं, ते शिताफीनं गाळलं आणि पुढं निघालो. गफूरभाई माझ्या खांद्यावरून कागदात बघत माईकची वायर धरून उभे होते. त्यांनी वाकून मला सांगितलं, पण सांगितलं ते थेट माईकमध्ये.

"सर, हशा रह गया!"

* * *

आता लिंबाजीमामा.

आमच्यात आणि पाहुण्यांमध्ये सोलापूर-हैदराबाद हायवे आहे. पाहुणा पुण्याहून निघतानाच फोनवर सांगतो, "पोचतोच." पत्रिकेवर वेळ पाचची असते. पाचला सभागृह भरतं, कारण पाचला चहा असतो. पाहुणे येतात साडेसहाला. मधला दीड तास लिंबाजीमामांचा.

मामा एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. तरुणपणी जयंतीच्या जलशात गायचे. आवाज तिथला, आणि माणसं गाडीत भेटलेली. व्यासपीठावर येऊन ते तोंडानं डबल बेल द्यायचे आणि उमरगा-मुरूम गाडी निघायची! गाडीत पदराखाली कोंबडी घेऊन बसलेली, फक्त कन्नड बोलणारी आजी. ती आजी कोंबडीच्या तिकिटाचं नाव काढलं की बहिरी व्हायची. लोहाऱ्याला जायचं असताना या गाडीत चढलेला आणि चूक कबूल न करणारा तलाठी. खिडकीवरून भांडणाऱ्या दोन विहिणी. सगळे आवाज एकट्या मामांचे. मधूनमधून मामा खबर द्यायचे, "पाहुणे निघालेत, सोलापूर सोडलंय!" पाच मिनिटांनी, "पाहुणे नळदुर्गात उतरलेत, भजी खायलेत!"

हे सगळं मनचं. मामांना पाहुण्यांचा फोन नंबरसुद्धा माहीत नसायचा. पण एकदा एक मोठे साहित्यिक नेमके त्याच वेळी दारातून आत आले, रुमालानं तोंड पुसत. खुर्चीवर बसल्या बसल्या माझ्या कानाला लागले.

"भजी खाल्लेली यांना कसं कळलं हो?"

पाहुण्यांची गाडी कोपऱ्यावर दिसली की गफूरभाई माईकवर बोटानं दोनदा टकटक करायचे. मामांचं वाक्य जिथं असेल तिथं थांबायचं. आजीची कोंबडी अर्ध्यात राहायची, तलाठी रस्त्यातच राहायचा. मामा खाली उतरून हार उचलायचे आणि दाराशी धावायचे. इकडे माझा परिचय सुरू.

एका वर्षी खुर्च्या आवरताना मामा म्हणाले, "सर, एकदा माझा बी परिचय वाचा की ओ. म्या कोण हाय त्ये मला बी कळू द्या!"

मी हसलो, तेही हसले. पुढच्या वर्षी ते पुन्हा तेच म्हणाले. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणाले तेव्हा हसणारा मी एकटाच होतो.

मी अप्पांकडे विषय काढला. अप्पा वजनकाट्यावर बियाणं तोलत होते. म्हणाले, "सर, आपला नियम हाय. पाहुणा बाहेरगावचा. गावातल्या मान्साचा परिचय गावाला कशाला? परिचय अनोळखी मान्साचा करत्यात!"

मी मान डोलावून घरी आलो. खरं सांगायचं तर याला उत्तर मी शोधलंही नाही. आणि त्याची मला आजही लाज वाटते.

* * *

एका वर्षी एकाच दिवशी दोन पाहुणे होते. लोकगीतं गाणाऱ्या एक प्रसिद्ध बाई आणि एक निवृत्त पैलवान. दोघांचे परिचय माझ्या हातात होते, दोन-दोन पानांचे. गफूरभाईंनी उकाडा होतो म्हणून पंख्याचं तोंड माझ्याकडे केलं. पानं उडाली, लोकांनी गोळा करून दिली, मी सुरू केलं.

"बाईंनी वयाच्या सातव्या वर्षी आजीच्या मांडीवर बसून पहिली ओवी म्हटली. त्यांच्या आवाजातला गोडवा ऐकून गुरुजींनी त्यांना जवळ केलं..." पान उलटलं. "...आणि पुढं त्यांनी एकोणीस नामवंत मल्लांना चितपट केलं!"

सभागृह आडवं झालं. पैलवान पोट धरून खुर्चीवर डोलत होते. मी बाईंची माफी मागायला वळलो तर त्यांनी माईक स्वतःकडे ओढला आणि शांतपणे म्हणाल्या, "एकोणीस नाही हो सर, वीस. माझा नवरा धरला नाही तुम्ही!"

* * *

अप्पांना भाषणात भारी शब्द वापरायची हौस. शब्द ते पेपरातून गोळा करतात आणि चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवतात. एक जुने नाट्यकलावंत आले होते, वय ऐंशीच्या पुढं. अप्पांना म्हणायचं होतं 'दिग्गज'. चिठ्ठीवर त्याच्या शेजारचा शब्द होता 'दिवंगत'.

अप्पा कडाडले, "असे दिवंगत कलावंत आज आपल्यात बसल्यात, हे आपलं भाग्य!"

पाहुण्यांनी दचकून स्वतःच्या छातीला हात लावला. पुढच्या रांगेतले दोघं-तिघं सवयीनं दोन मिनिटं उभं राहायला उठले. तेवढ्यात दाराकडून मामांचा आवाज आला.

"अप्पा, गाडी अजून सुटली न्हाय. तिकीट कशाला फाडायलाव?"

सगळ्यात मोठ्यानं हसले ते पाहुणेच. परत जाताना त्यांनी मला विचारलं, "तो दाराशी उभा असलेला कलावंत कोण? त्यांचा परिचय नाही करून दिलात." मी म्हणालो, "ते आमचेच आहेत." गाडी निघून गेल्यावर मला कळलं की हे उत्तर नव्हतं.

* * *

मग ते वर्ष, ज्या वर्षी पाहुणे आलेच नाहीत. विनोदी सिनेमातले एक नट होते. साडेसहा झाले, सात झाले, त्यांचा फोन बंद. मामांची गाडी उमरग्याहून निघून मुरूम, तिथून परत उमरगा, अशा दोन फेऱ्या करून आली. मग त्यांनी जलशातली गाणी काढली. मग कन्नड आजीच्या पोरीचं लग्न लावलं, कोंबडीसकट. बाया डोळे पुसत हसत होत्या. माझी बायको तर शेजारणीच्या अंगावर कोसळली होती.

शेवटी अप्पा आभाराला उठले. आभार त्यांनी दुपारीच लिहून ठेवलेले. मी आधीच सांगितलं की लिहिलेलं ते मोडत नाहीत. त्यांनी न आलेल्या पाहुण्यांचे 'वेळात वेळ काढून आल्याबद्दल' आभार मानले, 'आपल्या खुमासदार शैलीत श्रोत्यांना मंत्रमुग्ध केल्याबद्दल' मानले आणि 'पुन्हा असेच या' असंही सांगितलं! कुणालाच काही खटकलं नाही. लोक टाळ्या वाजवून उठले.

लोहाऱ्याहून जीपनं आलेल्या कॉलेजच्या चार पोरी मामांकडे पत्रिका घेऊन गेल्या. "सर, सही द्या ना." त्यांना मामाच पाहुणे वाटले होते. मामा गडबडले. त्यांनी खिशातून तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच काढला, नोकरीची आठवण म्हणून ते तो कायम जवळ ठेवतात. चारही पत्रिकांना एकेक भोक पाडून दिलं.

"हीच माझी सही. एकतीस वर्षं चाललीय, कुणी परत केली न्हाय!"

त्या संध्याकाळी मी अप्पांना पुन्हा गाठलं. अप्पा म्हणाले, "विचार करू." अप्पांनी तीन वर्षं विचार केला.

* * *

चौथ्या वर्षी कळलं की मामा आणि मामी पुण्याला मुलाकडे चाललेत, कायमचे. इथलं घर भाड्यानं दिलेलं. व्याख्यानमाला संपली की दुसऱ्या दिवशी सामान जाणार. म्हणजे आता नाही तर कधीच नाही! मी तडक दुकानात गेलो. भांडायच्या तयारीनंच गेलो होतो, दोन वाक्यं पाठ करून.

अप्पांनी मला बोलूच दिलं नाही. त्यांचाच चेहरा उजळला होता.

"सर, लिंबाजी पुण्याला चाललाय, कळलं का? म्हंजे आता त्यो बाहेरगावचा झाला. पुण्याचा पाहुणा. नियमात बसायलंय!"

अप्पांचा हा नियम मी आयुष्यभर शिव्या देत ऐकला. त्या दिवशी मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण मधे वजनकाटा होता.

ठरलं. समारोपाचा कार्यक्रम रविवारी सकाळी दहाला. पत्रिकेवर एवढंच छापलं, 'प्रमुख पाहुणे, पुणे'. मामांना कळू द्यायचं नाही, नाहीतर ते लाजून येणारच नाहीत. मामा बाहेर गेलेले बघून मी त्यांच्या घरी वही घेऊन बसलो. मामी गाठोडी बांधत होत्या.

"मामी, शिक्षण?"

"सातवी. आठवीच्या वर्गात तीन दिस बसलं, पन मास्तरची नक्कल करताना मास्तरच आला."

"पुरस्कार?"

"डेपोनं एकदा थर्मास दिला हुता. चांगला हुता. फुटला."

"छंद?"

"त्ये सगळं छंदच हाय की ओ!" मामींनी गाठ आवळली. "सर, तुमच्या कागदात ह्यो मानूस बसायचा न्हाय."

मी वही मिटत होतो. तेव्हा त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एक सांगू का? तुमच्या कार्यक्रमाहून घरी आले की ह्ये आरशापुढं हुबारत्यात. तुमचा आवाज काढत्यात, हुबेहूब. 'आजचे आपले पाहुणे' असं म्हनत्यात अन् तिथंच गप बसत्यात. म्या म्हनते, पुढचं म्हना की. तर म्हनत्यात, पुढचं मला येत न्हाय, त्ये सरांनी लिहायचं असतंय."

मी घरी आलो आणि तीन दिवस लिहिलं. तीन मिनिटांच्या परिचयाला मला कधी तीन दिवस लागले नव्हते. सात कागद फाडले.

* * *

रविवारी सकाळी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. मामा सोडून सगळ्या मुरूमला ठाऊक होतं आणि एकानंही तोंड उघडलं नव्हतं. आमच्या गावात हा चमत्कारच! मामी पहिल्या रांगेत नव्या लुगड्यात बसलेल्या. मामांनी विचारलंही, "तू कशी काय आलीस?" मामी म्हणाल्या, "पुन्याचा पाहुना बघायला."

दहा वाजले. मामा नेहमीसारखे व्यासपीठावर चढले, डबल बेल दिली, गाडी निघाली. ती त्यांची शेवटची फेरी होती आणि त्यांना ते माहीत होतं. आजी, कोंबडी, तलाठी, विहिणी, एकेकाला त्यांनी जरा जास्त वेळ बोलू दिलं. "पाहुणे नळदुर्ग सोडलेत!" ते ओरडले. लोक एकमेकांकडे बघून हसले. मामांना वाटलं, आज गाडी झकास चाललीय.

मी गफूरभाईंकडे बघून मान हलवली. त्यांनी माईकवर दोनदा टकटक केलं.

मामांनी वाक्य अर्ध्यात सोडलं, हार उचलला आणि दाराशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. गफूरभाई त्यांच्या शेजारी जाऊन थांबले. मी कागद उघडला.

"आजचे आपले पाहुणे. यांच्याविषयी कुठं छापून आलेलं नाही. यांच्या नावापुढं पदवी नाही. यांनी एकतीस वर्षं माणसांना आपापल्या गावी सुखरूप पोचवलं. यांना चार भाषा येतात आणि चारही भाषांत यांनी माणसांची भांडणं सोडवली..."

गफूरभाईंनी नंतर सांगितलं, इथं मामा त्यांच्याकडे झुकून म्हणाले, "कोण हाय ओ? लई मोठा मानूस दिसायलाय. कीर्तनकार हाय का?" गफूरभाई मला म्हणाले, "क्या बोलूं सर, मैं बी रस्ता देखने लगा."

"...बावीस वर्षं या व्यासपीठावर मोठमोठी माणसं आली. ती येईपर्यंत हे सभागृह यांनी धरून ठेवलं. पण यांचं भाषण आमच्याकडे आजवर एकदाही पूर्ण झालेलं नाही. कारण दरवेळी यांचं वाक्य अर्ध्यावर असताना पाहुणे आले."

'बहुआयामी व्यक्तिमत्त्व' म्हणायचं मी विसरलोच.

"मी विनंती करतो, आजचे प्रमुख पाहुणे, आदरणीय श्री. लिंबाजीराव यांनी व्यासपीठावर यावं."

सगळ्यात आधी अप्पा उठले. मग मामी. मग अख्खं सभागृह उठलं आणि टाळ्या वाजवत दाराकडे वळलं.

मामा वळले नाहीत. हार तसाच दोन्ही हातांत धरून, आमच्याकडे पाठ करून, ते रस्ता बघत राहिले. उमरग्याकडून येणारा सगळा रस्ता. टाळ्या थांबेनात आणि मामा हलेनात.

बऱ्याच वेळानं ते वळले. डोळे ओले होते, पण आवाज गाडीतलाच, शेवटच्या सीटपर्यंत जाणारा.

"सर, लिंबाजीराव काय अजून आल्याले दिसंनात. तवर म्या बोलू का?"